चांदी म्हनलात, पारा म्हनला नाहीत

दाढेत भरायच्या धातूच्या मिश्रणाला अमाल्गम म्हणतात, पण आमच्याकडे हा शब्द कुणी वापरत नाही. दाढ किडली की एकतर ‘चांदी भरायची’ असते, नाहीतर ‘सिमेंट’. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. चांदी काळी दिसते पण टिकते, सिमेंट लवकर निघतं, एवढं इथल्या घरोघरी ठाऊक आहे. मीही चांदीच म्हणत आले. मागच्या दिवाळीनंतर सोयाबीनचं खळं आटोपून पाथरीकडच्या एका खेड्यातल्या मावशी आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही तवा चांदी म्हनलात. त्यात पारा हाय, हे कामून सांगितलं नाही?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही.

त्यांच्या खालच्या दोन दाढा चौदा वर्षांपूर्वी मीच भरल्या होत्या. दोन्ही चांगल्या चालत होत्या. पण दोन वर्षांपासून त्यांच्या तळपायांना मुंग्या यायच्या, गुडघे धरायचे, दुपारनंतर अंगात त्राण उरायचं नाही. अशात जवळच्या एका मंगल कार्यालयात मोफत तपासणीचं शिबिर लागलं. हातात धातूची एक नळी धरायला दिली आणि दोन मिनिटांत संगणकातून पंधरा-वीस पानांचा रंगीत रिपोर्ट निघाला. त्यावर लिहिलं होतं की शरीरात पारा साठलाय. “दातातली चांदी पारा सोडायलीय, तो सांध्यात जाऊन बसलाय,” असं त्यांना समजावलं गेलं. मग शहरातल्या एका ठिकाणी पाठवलं. तिथे एकाच बैठकीत दोन्ही दाढांतली चांदी मशीनने कोरून काढली आणि शरीर ‘साफ’ करणारी तीन महिन्यांची पावडर हातात दिली. पैसे बचत गटातून उचलले होते. माझ्याकडे आल्या तेव्हा उजव्या दाढेला मुळापर्यंत चीर गेलेली होती आणि ती वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काढण्याआधी मी शुगर तपासली. ती तीनशेच्या वर निघाली. मुंग्यांचं मूळ तिथे होतं. आधी फिजिशियनकडे पाठवलं, शुगर आटोक्यात आल्यावर दाढ काढली. दोन वर्षं त्या बाई साखरेचा आजार अंगावर काढत होत्या, आणि ज्याने पहिल्यांदा त्यांचं दुखणं शांतपणे ऐकून घेतलं त्याने त्यांना दातातला पारा दाखवला.

या प्रकाराचा राग येतो, तो लपवणार नाही. पण रागाच्या भरात एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. शिबिरातला माणूस एका बाबतीत खरं बोलला होता. त्या चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील, तांबं आणि कधी थोडं जस्त. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे आणि बावीस वर्षांत मी ते पेशंटला आपणहून कधीच सांगितलं नाही. खोटं बोलले नाही. फक्त मिश्रणातल्या सगळ्यांत देखण्या धातूचं नाव घेतलं. जगभर आमच्या पेशाने हेच केलं आहे, आणि आज जो भीतीचा धंदा चालतो त्याला पहिली वीट आम्हीच पुरवली असं मला वाटतं.

ही सवय जुनी आहे. १८३३ मध्ये क्रॉकूर आडनावाच्या भावांनी न्यूयॉर्कमध्ये पाऱ्याचं हे मिश्रण विकायला आणलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’, म्हणजे सोन्याच्या जागी वापरायचं राजेशाही खनिज. नावात पारा कुठेही नाही. कीड न काढता ते तसंच दाबून भरत असत. त्यावर तिथल्या दंतवैद्यांत इतकी भांडणं झाली की अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेने सभासदांकडून ‘अमाल्गम वापरणार नाही’ अशा शपथा लिहून घेतल्या, आणि त्याच वादात १८५६ मध्ये ती संघटना मोडली. पुढे मिश्रण सुधारलं, दाढेत ते टिकू लागलं. १९२६ मध्ये आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पुन्हा इशारा दिला. प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेने तो स्वतः वर्षानुवर्षं आजारी होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं. म्हणजे पाऱ्याची शंका कुण्या वेडगळाने काल काढलेली नाही. शहाण्या माणसांनी ती विचारली आहे आणि तिचं उत्तर शोधायला पुढच्या लोकांनी मेहनतही घेतली आहे.

ते उत्तर काय मिळालं?

दाढेत घट्ट झालेल्या मिश्रणातून चावताना, दात खाताना, खूप गरम पिताना पाऱ्याची थोडी वाफ सुटते, हे खरं आहे. ती मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याने काही बिघडतं का, हे पाहायला मोठा प्रयोग मुलांवर झाला, कारण मुलांचा मेंदू वाढत असतो आणि इजा व्हायची तर आधी तिथे होईल. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात ५३४ मुलं आणि पोर्तुगालमध्ये लिस्बनला ५०७ मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निम्म्यांना चांदी, निम्म्यांना दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. मग अनेक वर्षं त्यांची बुद्धी, स्मरणशक्ती, हातांचं कौशल्य, मूत्रपिंडं तपासत राहिले. दोन्हींचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त सापडला, पण बुद्धीत, नसांत, मूत्रपिंडाच्या कामात दोन गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. पोर्तुगालच्या मुलांत आणखी एक गोष्ट दिसली. सात वर्षांनी चांदीच्या शंभरातल्या ९४ दाढा टिकल्या होत्या, कॉम्पोझिटच्या ८५. जिथे पुन्हा पुन्हा दवाखान्यात यायला बसभाडं आणि दिवसाची मजुरी जाते, तिथे हा फरक लहान नाही.

मग सगळं आलबेल आहे असं म्हणून मी हात झटकायला हवेत का? नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, गरोदर राहू पाहणाऱ्या बायका, सहा वर्षांखालची मुलं, मेंदूचा वा नसांचा आजार असलेले, मूत्रपिंड कमजोर असलेले आणि पाऱ्याची अ‍ॅलर्जी असलेले, यांच्यात शक्यतो नवी चांदी भरू नये. ही सावधगिरी मला मान्य आहे, मी ती पाळते. पण त्याच सूचनेत पुढे असंही होतं की आधीची भरलेली चांदी चांगली असेल तर ती काढू नका. पहिलं वाक्य शिबिरांतून, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून हजारदा फिरतं. दुसरं कुणी वाचून दाखवत नाही.

ते दुसरं वाक्य तिथे का आहे, हे समजायला आमचा दवाखाना पाहावा लागेल. जुनी चांदी मशीनने कोरताना ती तापते, तिचा धुराळा उडतो आणि एरवीपेक्षा कितीतरी जास्त वाफ त्या काही मिनिटांत सुटू शकते. म्हणून फुटलेली किंवा खाली कीड लागलेली चांदी काढायची वेळ आलीच तर दाढेभोवती रबराचा पडदा लावायचा, पाण्याचा भरपूर फवारा आणि जोराचं सक्शन ठेवायचं, ती मोठ्या तुकड्यांत सोडवायची. मावशींच्या बाबतीत यातलं काही झालं नव्हतं. पाऱ्याच्या भीतीने त्या गेल्या आणि एरवीपेक्षा जास्त पारा कदाचित त्या एका दुपारी त्यांनी श्वासातून घेतला. शिवाय प्रत्येक वेळी चांदी काढताना दाताचाही थोडा भाग जातो. दोनदा कोरलेली दाढ पातळ भिंतीच्या मडक्यासारखी होते, भाकरीचा कडक पापुद्रा चावतानाही तडकते.

हातात धरायच्या नळीबद्दलही बोलायला हवं. अशी यंत्रं फार तर त्वचेतून जाणारा बारीक विद्युतप्रवाह मोजतात, आणि तो तळहाताच्या घामावर, नळी किती दाबून धरली यावर बदलतो. पारा मोजायचा तर प्रयोगशाळेत रक्त किंवा लघवी तपासतात. तिथेही एक वाट फसवणुकीची आहे. आधी धातू ओढून काढणारं औषध द्यायचं आणि लगेच लघवी तपासायची. अशा औषधानंतर कुणाच्याही लघवीत धातू वाढलेला दिसतो, आणि तो आकडा औषध न घेता तपासलेल्या माणसांच्या मापाशी ताडून दाखवला की धडधाकट माणूस विषबाधेचा रुग्ण ठरतो. अमेरिकेतल्या विषचिकित्सकांच्या संघटनेने २०१० मध्ये या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलं. ती औषधंही निरुपद्रवी नाहीत. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत अशा उपचारात रक्तातलं कॅल्शियम घसरून तीन माणसं दगावली, त्यांत दोन मुलं होती. चांदी काढून घेण्याचं वेड जगभर पसरवणाऱ्या हल हगिन्स या कोलोरॅडोच्या दंतवैद्याचा परवाना १९९६ मध्ये रद्द झाला. त्याची शिकवण मात्र इकडच्या तालुक्यांपर्यंत पोचली आहे.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. तो मला माझ्याच भाच्याने विचारला. “मावशी, धोका नाही म्हणतेस, मग जग ही चांदी बंद का करतंय?” बरोबर आहे. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला. युरोपीय संघाने २०२५ पासून अमाल्गम जवळपास थांबवलं. २०२५ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या बैठकीत देशांनी २०३४ पर्यंत ते जगभर बंद करायचं ठरवलं. भीती पसरवणाऱ्यांच्या हातात याहून मोठा पुरावा काय हवा?

तर मिनामाता काय आहे ते आधी पाहू. जपानमधल्या त्या गावात एका रसायनाच्या कारखान्याने पाऱ्याचं सांडपाणी समुद्रात सोडलं. त्यात मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, होता. तो माशांत साठला, मासे खाणाऱ्यांच्या मेंदूत गेला. १९५६ मध्ये आजार अधिकृतपणे नोंदला गेला, आणि आईच्या पोटातच विष भिनलेली मुलं जन्माला आली. पाऱ्याची भीती तिथून शिकावी. दाढेतला धातुरूप पारा हा त्या मिथाइल पाऱ्याहून वेगळा पदार्थ आहे, पण दवाखान्याच्या मोरीतून वाहून ओढ्यात, नदीत गेला की जिवाणू त्याचं तेच रूप करू शकतात. चितेवर जळणाऱ्या देहाच्या दाढेतला पारा वाफ होऊन हवेत जातो. कराराने चांदी बंद करण्यामागे मुख्य विचार आहे तो हा, नदीचा आणि हवेचा. आणि मला तो पटतो. दाढेत बसलेल्या पाऱ्यापेक्षा मोरीत गेलेला पारा जास्त वाईट. गोदावरी आमच्या जिल्ह्यातून वाहते. लोकांच्या तोंडातली धड चांदी उकरून काढणारा माणूस तोच पारा मोरीत ढकलत असतो, हे बंदीचा दाखला देताना त्याने विसरू नये.

पाऱ्याला भ्यायचं तर कुठे, हे मी माझ्या तळहातापासून सांगू शकते. आम्ही शिकत होतो तेव्हा खलात पारा आणि चांदीची भुकटी घोटायची, गोळा मऊ झाला की तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायचा आणि मग कापडाच्या तुकड्यात धरून जास्तीचा पारा पिळून काढायचा. हातमोजे नसत. खिडक्या बंद, डोक्यावर पंखा, फरशीच्या फटींत पाऱ्याचे मणी. कुणी आम्हाला ओरडलं नाही. दातांतल्या चांदीने माणसाला जेवढा पारा मिळतो त्याच्या कितीतरी पट आमच्या पिढीने आणि आमच्याकडे दहा-दहा वर्षं काम करणाऱ्या मदतनीस मुलींनी घेतला. आता बंद कॅप्सूल मिळतात, यंत्रात हलवून मिश्रण तयार होतं, हाताला लागत नाही. मात्र त्या मुलींसाठी कुठल्या मंगल कार्यालयात कधी शिबिर लागलं नाही.

दुसरी जागा म्हणजे गोरं करणाऱ्या क्रीम, ज्यांच्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नसतो. केरळमधल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला आणि त्या पंधरांपैकी १३ जण अशी क्रीम वापरत होते. संशय तिच्यातल्या पाऱ्यावर गेला. लग्न ठरलेल्या मुलींना यात्रेतून, बांगड्यांच्या दुकानातून आणलेली असली डबी आपल्याकडेही भेट दिली जाते.

तिसरी जागा बोलायला कठीण आहे, कारण तिथे श्रद्धा आणि पोटाची गरज दोन्ही आहेत. आपल्या आयुर्वेदातल्या रसशास्त्राने पाऱ्याला कधी साधं मानलं नाही. पाऱ्याचे आठ दोष सांगितले, त्यांत ‘विष’ हा एक, आणि शोधनाचे संस्कार पुरे झाल्याशिवाय तो पोटात देऊ नये असा दंडक घातला. ज्या परंपरेने पाऱ्याचा एवढा धाक बाळगला तिच्या नावाने आज चौकात विनालेबल पुड्या विकल्या जातात. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. मावशींच्या तीन महिन्यांच्या पावडरीत काय होतं, मला माहीत नाही. पाकिटावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. दातातून मायक्रोग्रॅम सुटतात म्हणून घाबरलेली बाई रोज चमचाभर अनोळखी भुकटी पोटात घेत होती.

आपल्या भागात या सगळ्याला एक जुनी जमीन आहे. वरची दाढ काढली की डोळा जातो, हे मला आजही आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं. बाजाराच्या दिवशी भुईरिंगणीच्या बियांचा धूर देऊन दाढेतून ‘कीड’ पाडणारे अजून बसतात. वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक तुकडे दाखवतात, आणि दुखणाऱ्या माणसाला वाटतं, निघाली. दाढेत किडा नसतो, गोडावर जगणारे जिवाणू आम्ल करतात आणि ते दात विरघळवतं. पण ‘आत काहीतरी वाईट आहे, ते काढून टाकू’ हे सांगणं किती दिलासा देतं, हे मला समजतं. माणसाला दुखण्याचं नाव हवं असतं, आणि ते हातात धरून दाखवता आलं तर आणखी बरं.

मात्र ‘काढून टाका’ या शब्दांची भीती मराठवाड्याला दुसऱ्या कारणाने वाटायला हवी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांना कॅन्सरचा धाक घालून पिशवी काढायला लावल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये राज्यभर गाजल्या. सरकारने नेमलेल्या समितीसाठी ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात कोयता होता, मुकादमाचा दंड होता, पाळीच्या दिवसांत न मिळणारं पाणी होतं. तुलना दुखण्याची नाही, दाढ आणि पिशवी एका तागडीत घालायला मी वेडी नाही. तरी वाक्याचा साचा तोच होता. पोटात दुखायलंय? मोठा आजार होईल. काढून टाका. पैसे आत्ता भरा. आणि दोन्हीकडे बाईला हा प्रश्न विचारायची मुभाच नव्हती की न काढता काय होईल.

गेल्या महिन्यात एक तरुण आला, ट्रॅक्टर चालवणारा. व्हिडिओ पाहून आला होता. “चांदी काढा मॅडम, लई पारा असतो म्हणे.” तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटंच उघडलं. गालांची आतली कातडी पांढरी, दोरीसारखी ताठ. गुटखा, दिवसाला दहा-बारा पुड्या. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि त्याच्या खिशात पुडी होती. त्या तोंडात पुढे कॅन्सर होऊ शकतो, हे मी त्याला दोनदा, तीनदा सांगितलं. तो मला परत परत चांदीबद्दलच विचारत राहिला. पारा त्याने मोबाइलवर पाहिला होता. पुडीतल्या सुपारीचं कुणी त्याला तेवढ्या तळमळीने सांगितलंच नव्हतं.

मी आता काय करते ते सांगते. नवी चांदी भरण्याआधी त्यात निम्मा पारा आहे हे मी मराठीत, मोठ्याने सांगते. कॉम्पोझिटचा दर आणि ते किती टिकेल हे सांगते, आणि निवड पेशंटवर सोडते. चांदी नव्याने भरल्यावर स्टीलचा चमचा लागून ‘करंट’ बसला तर तो दोन धातू आणि लाळ यांच्यामुळे बसतो, काही दिवसांत थांबतो, हेही आधीच सांगून ठेवते, नाहीतर रात्री त्या करंटच्या जोरावर कुणीतरी आणखी काही विकतं. जुनी चांदी फुटली असेल, खाली कीड असेल किंवा तिला लागून गालावर पांढरे चट्टे उठले असतील तर काढते. मुंग्या, सांधे, थकवा यांसाठी काढत नाही. त्यांना शुगर, थायरॉइड, बी-१२ तपासायला पाठवते, आणि पत्र स्वतः लिहून देते. मोठी पोकळी असलेल्या गरीब पेशंटला २०३४ नंतर काय भरायचं आणि त्याचे पैसे सरकारी दवाखान्यात कोण देणार, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. आठ-नऊ वर्षं बघता बघता जातील.

मावशी मागच्या आठवड्यात येऊन गेल्या. शुगर उतरली आहे, डाव्या दाढेवर कॅप बसवली. उठता उठता त्यांनी कपाटावरच्या काचेच्या बरणीकडे बोट दाखवलं. “ते काय हाय?” बावीस वर्षांत उरलेली, काढलेली चांदी मी झाकण घट्ट लावून पाण्याखाली ठेवली आहे. आमच्याकडे येणारी दवाखान्यांच्या कचऱ्याची गाडी ती घेत नाही, मोरीत टाकायची माझी इच्छा नाही. त्यांना म्हटलं, पारा आहे. त्यांनी बरणी जवळून पाहिली, हात मात्र लावला नाही, आणि विचारलं, “मग हे कोण नेनार?”

मी तीन कार्यालयांना पत्रं लिहिली आहेत. अजून कुणी आलेलं नाही.